एक जूनची ओळ

माझ्या एका प्रोग्रॅममधल्या एका ओळीची ही हकिगत आहे. ती ओळ मी १९८४ साली लिहिली, तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. आज मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि ती ओळ अजून चालते. माझ्या हातून झालेल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

तेव्हा मी पुण्यातल्या एका सरकारी संगणक केंद्रात होते. यंत्राच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. यंत्राला धूळ चालत नसे आणि उकाडा सोसत नसे, त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्या ऑफिसला एकदम त्या खोलीत काम निघत असे. प्रोग्रॅमची एकेक ओळ म्हणजे एकेक पुठ्ठ्याचं कार्ड, कार्डावर ऐंशी घरं, त्यात जे बसेल ते. माझ्याकडे काम आलं होतं एका यादीचं. आम्ही तिला झडपवही म्हणायचो.

लहान मुलांना घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात. ताप उतरतो, पण कधीकधी जाताना हृदयाची झडप बिघडवून जातो. कोंदट घरांतून, दाटीवाटीनं राहणाऱ्या मुलांत हा आजार फार. पुन्हा ताप येऊ नये म्हणून अशा मुलांना दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायचं, वर्षानुवर्षं. कोणी इंजेक्शन चुकवलं हे कळावं म्हणून राज्यभरातल्या रुग्णांची एक यादी यंत्रावर ठेवायची होती. दर गुरुवारी सगळ्या केंद्रांची कार्डं यायची, माझा प्रोग्रॅम ती एका दमात वाचायचा आणि नवी यादी छापायचा.

अडचण एकच होती. एकाच रुग्णाची दोन केंद्रांवर नोंद असायची, इंजेक्शनचं कार्ड हरवलं की नवा नंबर मिळायचा. म्हणून मी नियम घातला की नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच समजायचा. पहिल्या चाचणीत अकरा हजारांतली दोन हजार माणसं नाहीशी झाली. यादी काढून पाहिली तर पानंच्या पानं एकाच जन्मतारखेची.

मी तरातरा पंचिंगच्या खोलीत गेले, जिथं मुली यंत्रावर कार्डांना भोकं पाडून माहिती भरायच्या. सगळ्यांना एकच तारीख मारून मोकळ्या झालात का, असं मी त्या मुलींना विचारलं. एक जून, एक जून, एक जून, एवढा आळस?

शेवटच्या यंत्रावर एक बारीकशी मुलगी बसली होती. तिनं बोटं न थांबवताच उत्तर दिलं.

"आळस आमचा न्हाई मॅडम, निकम गुरुजींचा. शाळा जूनला उघडायची. पोरगी कधी जन्मली म्हणून आईला इचारलं तर आई सांगायची, म्हैस व्याली त्याच्या आदल्या आठवड्यात. गुरुजींनी लिहायचं काय? लिहिलं एक जून. आमचा अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलाय."

सगळ्या हसल्या. मग ती उठली, पर्समधून स्वतःचं इंजेक्शनचं कार्ड काढलं आणि माझ्या यादीवर ठेवलं. नाव शेवंता ज्ञानू मोरे, गाव उंबरीवाडी, तालुका जावळी.

"ही मी. आणि ही आमच्या वरच्या आळीची शेवंता. तिचा बाप बी ज्ञानू मोरे. शाळेत एकाच दिवशी घातलं दोघींना, दुखणं बी एकच. तुमच्या मशीननं दोघींची एक केली. आता सुई कुणी टोचून घ्यायची, तिनं का मी?"

माझ्या आईवडिलांनी माझी पत्रिका घटका-पळांसकट मांडून ठेवली होती. जन्मतारीख नसलेलं माणूस असतं, हे मला पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. केंद्रातल्या शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना एक जून म्हणजे काय ते माहीत होतं. मला तेवढं नव्हतं.

मी एक ओळ वाढवली. दिवस ०१ आणि महिना ०६ असेल तर तारीख जुळवायची नाही, आईचं नाव जुळवायचं. आईच्या नावासाठी कार्डावर बारा घरं काढली. ओळीच्या शेजारी खुलासा लिहिला नाही. जागा मोजूनमापून मिळायची, आणि सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कशाला लिहायची?

शेवंता आणि मी त्या दिवसापासून पन्नासहून अधिक वर्षं एकमेकींच्या राहिलो. मॅडमची मी मंदाताई झाले. माझे यजमान गेले तेव्हा माझी मुलगी ऋचा चार वर्षांची होती. मी ऑफिसात अडकले की शेवंता तिला शाळेतून आणायची. दर एकवीस दिवसांनी शेवंता दवाखान्यात जायची तेव्हा ऋचा हट्टानं बरोबर जायची आणि सुई टोचताना तिचा हात धरून बसायची. घरी आल्यावर मला सांगायची की मावशी रडली नाही. शेवंतानं लग्न केलं नाही. झडप बघून कोणी केलंही नसतं, असं ती हसत म्हणायची. पुढं तिची झडप एकदा फुगा घालून उघडली, दहा वर्षांनी पुन्हा उघडली. डॉक्टर म्हणाले, आता तिसऱ्यांदा नको.

यंत्र केव्हाच भंगारात गेलं. प्रोग्रॅम मात्र गेला नाही, कारण तो हलवायला कोणी धजावलं नाही. नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम बसवला आणि त्याच्या आत माझा. त्याला कळतसुद्धा नसणार की चपला बाहेर काढायचे दिवस संपले. दर गुरुवारी तो मुकाट्यानं यादी करत राहिला.

मग दोन वर्षांपूर्वी ती झडप आली. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी घ्यायच्या, प्रयोगशाळेत एका साच्यावर सहा आठवडे वाढवायच्या, आणि तयार झालेली झडप मांडीच्या शिरेतून आत नेऊन बसवायची. छाती उघडायला नको, शरीर ती परकी म्हणून नाकारत नाही. पण ज्याची झडप त्यालाच चालते, दुसऱ्याला नाही. सरकारनं ठरवलं, झडपवहीतल्या सगळ्यात जुन्या रुग्णांपासून सुरुवात करायची. आमची जुनी वही प्रयोगशाळेच्या नव्या वेबसेवेला जोडण्याचं काम ज्या कंपनीला मिळालं, तिथं ऋचा प्रमुख होती.

जोडणं म्हणजे काय ते सांगते. माझा प्रोग्रॅम आठवड्यातून एकदा बोलतो, तेही सगळं एका दमात. प्रयोगशाळेच्या सेवेला एकेक गोष्ट हवी असते आणि उत्तर सेकंदात हवं असतं. अशा दोघांना समोरासमोर बसवून उपयोग नसतो. म्हणून मध्ये एक रांग ठेवतात, संदेशांची. ती पोस्टाच्या पेटीसारखी असते. टाकणाऱ्यानं टाकून निघून जायचं, घेणाऱ्यानं सवडीनं एकेक उचलायचं. पण ही पेटी पोस्टापेक्षा कडक. पोच मिळेपर्यंत ती संदेश सोडत नाही. घेणाऱ्यानं उचलला पण पोच वाटेत हरवली, तर ती तोच संदेश पुन्हा पाठवते. म्हणजे एकच संदेश दोनदा येऊ शकतो. तेव्हा घेणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे की हा आधी आलेलाच आहे, आणि दुसरा टाकून द्यायचा. टाकताना पोच मात्र द्यायची, नाहीतर पेटी थांबणारच नाही. एवढं केलं नाही तर प्रयोगशाळा एका माणसाच्या दोन झडपा वाढवत बसेल.

आधी आलेला कसा ओळखायचा? नव्या कायद्यानं प्रयोगशाळेला नागरिक क्रमांक मागता येत नव्हता. इंजेक्शनच्या कार्डाचे नंबर भरवशाचे नव्हते. राहिलं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जन्मतारीख. मी पंचविसाव्या वर्षी केला होता तोच विचार ऋचानं शेहेचाळिसाव्या वर्षी केला.

काम सुरू होताना ऋचानं मला तिच्या ऑफिसात एका बैठकीला बोलावलं. जुन्या माणसाकडून माहिती घ्यायची म्हणून. मी इरकली नेसून, माझी फाइल घेऊन गेले. पडद्यावर पहिलीच स्लाइड होती 'जुनं ओझं', आणि खाली बैलगाडीचं चित्र. एका मुलानं मला विचारलं, "काकू, तेव्हा मशीनला चावी द्यावी लागायची का?" सगळे हसले. त्याचं मला काही वाटलं नाही, तो परका होता. ऋचाही हसली. मी फाइल न उघडता परत आणली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी ओट्याशी थालीपीठ थापत होते. ऋचा स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "आई, इथं एक जूनसाठी वेगळी अट आहे. ती कशासाठी? आईचं नाव कशाला बघते? आमच्या फॉर्मला ती जागाच नाहीये."

मला सगळं आठवलं. पंचिंगची खोली, पर्समधून निघालेलं कार्ड, मुलींचं हसणं. सांगायला दोन मिनिटं लागली असती.

"ओझंच आहे ते," मी म्हटलं. "टाकून द्या."

ती माझ्या पाठीकडे बघत असावी. मग लॅपटॉपच्या कळांचा आवाज सुरू झाला. मला वाटलं, ही पुन्हा विचारेल. संध्याकाळी विचारेल, उद्या विचारेल. समजूत काढील, मग सांगू. तिच्या पिढीत प्रत्येक बाळाला जन्माबरोबर दाखला मिळतो, मिनिटासकट. एक जूनला हजारो माणसं दिसली तर ते तिला काय वाटणार? यंत्रानं रिकाम्या जागी भरलेली तारीख. जुन्या यंत्रांची ती खोड असते. तिनं पुन्हा विचारलं नाही.

जानेवारीत शेवंतानं रक्त दिलं. त्याच आठवड्याच्या गुरुवारी तिची मागणी रांगेत गेली आणि तिच्या फोनवर आलं, 'आपली नोंद पोहोचली.' तेव्हा ती पंच्याहत्तरीला आली होती, निकम गुरुजींच्या हिशेबानं. उशा रचून, बसून झोपायची. एक जिना चढायला तिला तीनदा थांबावं लागायचं, आणि प्रत्येक पायरीवर ती शेजाऱ्यांच्या चौकशा करायची, म्हणजे थांबण्याला कारण झालं.

सहा आठवडे झाले, सात झाले. मी ऋचाला दोनदा बघायला लावलं. दोन्ही वेळा तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. संदेश गेला होता, पोच आली होती. प्रयोगशाळेकडे काम साचलं असेल, होईल, असं ती म्हणाली. मीही मान हलवली. रांगेवर माझा विश्वास होता. ती काही हरवत नाही, हे मी स्वतः शिकले होते.

आठव्या आठवड्यात शेवंताकडे गेले तर ती खुशीत होती. वरच्या आळीच्या शेवंताचा साताऱ्याहून फोन आला होता. तिला झडप बसली, आणि ती म्हणे देवळाच्या पायऱ्या न थांबता चढली. शेवंता मला म्हणाली, "ताई, तिची नि माझी मागणी एकाच गुरुवारी गेली होती. माझी बी आता येईल."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

घरी येऊन मी ऋचाला पंचिंगच्या खोलीपासून सगळं सांगितलं. तासाभरात तिनं शोधून काढलं. वरच्या आळीच्या शेवंताचा संदेश आधी पोहोचला होता. त्यानंतर तीन सेकंदांनी आमच्या शेवंताचा आला, सगळं तंतोतंत तेच, म्हणून तोच पुन्हा आलाय असं समजून सेवेनं तो टाकला आणि नियमाप्रमाणे पोच दिली. शेवंताचं रक्त आठ आठवडे शीतपेटीत पडून होतं, मागणी नसलेला नमुना म्हणून.

तिची मागणी आत्ता घाल, असं मी म्हटलं. सगळ्यात पुढं घाल.

ऋचा स्क्रीनवरच बघत होती. असे एकूण तीनशे बारा निघाले होते. तीनशे बारा माणसं पोच हातात घेऊन बसली होती आणि त्यांची झडप कोणी वाढवत नव्हतं. तिला चूक लेखी कळवावी लागणार होती. कळवली की वही आणि प्रयोगशाळा जोडणारा हा पूल बंद, तपासणी, दुरुस्ती, मग सगळ्यांना त्यांच्या मूळ जागी घ्यायचं. तीन आठवडे तरी लागणार होते.

"आधी तिची घाल, मग कळव," मी म्हटलं.

"हातानं एक जरी संदेश घातला तर तपासणीत पहिलं तेच दिसेल, आई. म्हणतील, घरचं माणूस पुढं काढायला चूक दाखवली. मग बाकीच्यांचं कोण ऐकणार?"

"तिनं तुला शाळेतून आणलंय, ऋचा."

"बाकीच्या तीनशे अकरांनीही कुणाला तरी आणलंच असेल."

मी काहीबाही बोलले. ती चूक तिची आहे, तिच्या हुशारीची आहे, असं म्हणाले. ती ऐकून घेत होती. मग तिनं लॅपटॉप मिटला.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली.

त्याच दिवशी तिनं चूक कळवली. कंपनीनं तिला कामावरून बाजूला केलं, चौकशी लावली. तिनं केलं ते बरोबर होतं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. त्यामुळे काही सोपं झालेलं नाही.

शेवंताला मी सांगितलं, पण सगळं नाही. तीनशे बारा माणसं, सगळी एक जूनची, असं म्हटल्यावर तिला हसू आवरेना. "म्हणजे निकम गुरुजींचा अख्खा वर्ग अडकला म्हणा की," असं म्हणाली आणि मग धाप लागून बराच वेळ काही बोलली नाही. धाप कमी झाल्यावर तिनं मला बजावलं, ऋचाला रागावू नका, पोरीनं मुद्दाम केलं नाही. मी मान हलवली. त्या रविवारी ओट्याशी मी काय बोलले होते, ते मी तिला सांगितलं नाही. ऋचानंही सांगितलं नाही. ती रोज तिच्याकडे जायची आणि गेल्यावर तिचा हात धरून बसायची, लहानपणी बसायची तशी.

तपासणीच्या सतराव्या दिवशी दुपारी, दोन एप्रिलला, शेवंता गेली. आम्ही दोघीही तिथं होतो.

आठ एप्रिलला पूल पुन्हा सुरू झाला. माझी ओळ आता रांगेच्या दोन्ही टोकांना आहे. शेजारी वीस ओळींचा खुलासा आहे, एक जून म्हणजे काय, शाळा, गुरुजी, सगळं. चांगला लिहिलाय. हे मला कोणी शिकवलं ते त्यात नाही. तपासणी करणाऱ्यांनी मला ते विचारलं नाही.

दुरुस्तीत तीनशे बाराही मागण्या त्यांच्या जुन्या जागी परत गेल्या, शेवंताचीसुद्धा. तिच्या मृत्यूची नोंद दुसऱ्या खात्याची. ते खातं अजून या पुलाला जोडलेलं नाही. वीस मेला तिच्या फोनवर आलं, 'आपली झडप तयार आहे. कृपया पोच द्या.' तिचा फोन माझ्याकडे असतो. खाली एक हिरवं बटण आहे. ते दाबलं नाही तर संदेश दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, सकाळी नऊ वाजता. तिकडं कुठंतरी एका भांड्यात तिची झडप उघडमीट करत असेल. ती दुसऱ्या कुणाला चालणार नाही.

आज सकाळी दोन संदेश आले. पहिला प्रयोगशाळेच्या वतीनं, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. आज एक जून. तिची आई सांगायची, ही झाली तेव्हा परसात शेवंती फुलली होती, म्हणून हे नाव. शेवंती थंडीत फुलते. पण शुभेच्छा आज आल्या, आणि त्यामागून रोजचा तो दुसरा.

ऋचा समोर चहा घेत होती. हल्ली आम्ही घरात लागेल तेवढंच बोलतो. फोन वाजल्यावर तिनं मान वर केली.

"पोच देऊन टाक, आई. नाहीतर ते येतच राहील."

मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. येऊ दे, असं म्हणाले. तिला ते आवडलं नसावं, कप घेऊन ती आत गेली.

रांगेची रीतच तशी आहे. उत्तर मिळालं नाही तर ती उद्या पुन्हा विचारते, परवा पुन्हा विचारते. ऋचानं एकदाच विचारलं होतं.